चौतिशीतला नवा क्लब: कोरोच्या उदाहरणातून काय घ्यावे, काय घेऊ नये

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका फुटबॉलपटूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 33 पूर्ण, गेली दहा-अकरा वर्षे उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने आक्रमणात, खेळ, नोकरी कुंडई औद्योगिक वसाहतीत पाळीची. आतापर्यंतच्या क्लबने नव्या मोसमासाठी बोलावलेले नाही. म्हापशाकडच्या एका क्लबाने मात्र विचारणा केली आहे. घरच्यांचे म्हणणे, आता पुरे झाले. स्वतःचे म्हणणे, स्पेनचा आक्रमक फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, 34 व्या वर्षी गोव्यात येऊन तीन मोसम गोल करत राहिला, तर मला एखादे वर्ष का जमू नये? मी गोव्यातील क्लबांमध्ये शारीरिक तयारीचा प्रशिक्षक म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे काम केले असल्याने त्या अनुभवावरून उत्तर देत आहे. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ एवढेच सांगून भागणार नाही, कारण तुम्ही दिलेले उदाहरण योग्य असले तरी त्यातून काढलेला अर्थ मला अपुरा वाटतो.

कोरो म्हातारपणीही तरुणासारखा पळत होता, असा एक समज आपल्याकडे आहे. तो तसा पळत नव्हता. वयाने जे शाबूत ठेवले होते तेवढेच त्याच्याकडून मागितले जाईल, अशा संघात तो आला होता. त्याची कामगिरी समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

त्याचा जन्म 5 जानेवारी 1983 चा. बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल क्लबकडून तो मोठा झाला आणि 2006 च्या मे महिन्यात रेआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत केलेल्या गोलाने त्याने तो क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्यापासून वाचवला. पुढे ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का असा प्रवास झाला आणि 2016-17 चा मोसम त्याने सायप्रसमधील डोक्सा कातोकोपियासकडून काढला. या सगळ्या काळात तो चांगला, कष्टाळू आक्रमक म्हणून ओळखला जात होता आणि बराच काळ विंगवरही खेळला. गोलांच्या राशी ओतणारा खेळाडू अशी त्याची ख्याती स्पेनमध्ये नव्हती. तो इंडियन सुपर लीग या भारतातील व्यावसायिक स्पर्धेतल्या एफसी गोवाकडे आला आणि 2017-18 च्या मोसमात त्याने 18 गोल केले, त्यानंतरच्या मोसमात 16, आणि 2019-20 मध्ये 14. इंडियन सुपर लीगच्या 57 सामन्यांत 48 गोल. पहिल्या दोन्ही मोसमांत गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, त्याचाच होता. बेंगळुरूविरुद्धचा 4-3 आणि केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा 5-2 हे 2017 चे लागोपाठचे घरचे सामने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर ज्यांनी पाहिले, त्यांना त्या दोन्ही सामन्यांतील त्याची हॅटट्रिक सांगावी लागणार नाही.

आता त्याच्या भोवती कोण होते ते पाहा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून खेळणारा होता. मागे अहमद जाहू आणि एदू बेदिया हे दोघे खेळाची गती ठरवत, पहिल्या मोसमात मान्युएल लान्झारोते आणि पुढे ह्यूगो बुमूस व ब्रँडन फर्नांडिस पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी चेंडू पोहोचवत, आणि डाव्या बाजूने आपला मंदार राव देसाई, ज्याला लोबेरांनी विंगवरून बचावफळीत आणले होते, सामनाभर वर-खाली धावत असे. म्हणजे विंगवरच्या लांब धावा दुसरे कोणीतरी मारत होते. कोरोला करायच्या होत्या त्या आठ-दहा मीटरच्या धावा: बचावपटूच्या पाठीमागे जाण्याचे नाटक करून समोर येणे, किंवा समोर येण्याचे नाटक करून पाठीमागे निसटणे. अशा धावेत वेगापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे असते, आणि ती वेळ साधण्याची नजर 34 व्या वर्षी 24 व्या वर्षापेक्षा अधिक तयार झालेली असते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. 2017-18 च्या मोसमात साखळी फेरीत 18 सामने होते आणि ते नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पसरलेले होते. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत खेळाडूला वर्षाला 42 साखळी सामने खेळावे लागतात. पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या स्नायूला हा फरक फार मोठा असतो. पूर्ण 90 मिनिटे खेळल्यानंतर स्नायूंतील साखरेचा साठा भरून यायला आणि सूक्ष्म झीज सावरायला साधारण 48 ते 72 तास लागतात. वय वाढले की व्यवहारात ही मुदत वरच्या टोकाकडे सरकते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. सहा दिवसांनी सामना असेल तर चौतिशीतला खेळाडू आणि बाविशीतला खेळाडू बरोबरीने मैदानात उतरतात. तिसऱ्या दिवशी सामना असेल तर मात्र बरोबरी संपते.

तिसरी गोष्ट सांगताना एफसी गोवाचे काही चाहते माझ्यावर रागावतील, पण ती सांगायलाच हवी. लीगचा दर्जा स्पेनपेक्षा खालचा होता. समोरचा बचावपटू अर्धा क्षण उशिरा वळत होता, आणि कोरोने वयामुळे गमावलेला अर्धा क्षण तिथे भरून निघत होता. यात त्याचा कमीपणा काहीच नाही. आपल्या उरलेल्या ताकदीला साजेशी लीग निवडणे हीसुद्धा कारकिर्दीच्या उत्तरार्धातील एक समजूतच आहे.

आणि चौथी गोष्ट, जी तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे: तो खेळता खेळता आला होता. याच क्लबाने 2014 साली, झिको प्रशिक्षक असताना, रॉबर्ट पिरेस यांना आणले होते. विश्वविजेत्या फ्रान्सचा आणि आर्सेनलच्या अपराजित संघाचा हा खेळाडू किती मोठा, हे मी सांगायला नको. पण ते 2011 नंतर व्यावसायिक सामन्यांपासून दूर होते आणि इथे आले तेव्हा चाळिशी उलटलेली होती. त्यांच्या पायातला पास पाहायला आम्ही तिकीट काढून गेलो आणि तो पासही पाहिला, परंतु मोसमभर संघाचा भार वाहण्याची अपेक्षा त्या शरीराकडून करणे योग्य नव्हते. मोठे नाव आणि चालू स्थितीतले शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून तुमच्याबाबतीत माझा पहिला प्रश्न असा आहे की शेवटचा पूर्ण सामना तुम्ही कधी खेळलात? तीन महिन्यांच्या आत असेल तर पुढचे बोलू. वर्ष उलटले असेल, तर नव्या क्लबाच्या सरावात थेट उडी मारण्याआधी किमान सहा ते आठ आठवडे स्वतंत्र तयारी लागेल, आणि तेवढा वेळ क्लब देणार आहे का हे तुम्हाला विचारावे लागेल.

वयाने नेमके काय जाते, हे एकदा स्पष्ट समजून घ्या. तिशीनंतर फुटबॉलपटूची अगदी वेगातली धाव आणि अशा धावांची संख्या कमी होत जाते. सामन्यात कापलेले एकूण अंतर त्या मानाने थोडेच घटते. पास देण्यातील अचूकता आणि जागा ओळखण्याची क्षमता घटत नाही, उलट अनेकदा वाढते. विंगरच्या कामाचा पायाच वेगवान धावेचा असल्यामुळे वय त्याला सर्वांत आधी गाठते. सेंटर बॅक (मधला बचावपटू), गोलरक्षक आणि बचावफळीच्या पुढे खेळणारा मधला खेळाडू यांना ते उशिरा गाठते. तुमच्या जुन्या क्लबाने तुम्हाला बोलावले नाही, याचा अर्थ तुम्ही संपलात असा नसून, उजव्या विंगवरचे तुमचे काम संपत आले आहे, असा असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

इटलीचा मधल्या फळीतला खेळाडू आंद्रेआ पिर्लोचे उदाहरण इथे अगदी लागू पडते. एसी मिलानमधील शेवटच्या काळात त्याला मध्यभागातून काढून डावीकडे खेळवले जाऊ लागले होते, कारण बचावफळीपुढे प्रशिक्षकाला अधिक धडक देणारा खेळाडू हवा होता. 2011 मध्ये, 32 व्या वर्षी, करार संपवून तो युव्हेंटसकडे गेला. तिथे त्याला पुन्हा मध्यभागी उभे केले गेले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विदाल आणि मार्किझिओ यांच्यासारखे अथक धावणारे दोघे दिले गेले. सलग चार वर्षे इटलीचे विजेतेपद त्या संघाकडे राहिले. त्या उन्हाळ्यात पिर्लोच्या पायांमध्ये काही बदल झाला नव्हता. त्याला उभे करण्याची जागा बदलली होती.

म्हणून म्हापशाच्या क्लबाशी बोलताना मानधनाच्या आधी जागेविषयी बोला. कोच तुम्हाला कुठे खेळवणार आहेत? उत्तर ‘उजव्या विंगवर, आमचा मुलगा दुखापतीतून परत येईपर्यंत’ असे असेल तर माझा सल्ला नकाराचा आहे, कारण तो मुलगा परत आल्यावर तुम्ही बाकावर बसाल, आणि तोपर्यंत रोज विशीतल्या बचावपटूबरोबर शर्यत लावून तुमच्या मांडीचा मागचा स्नायू गेलेला असेल. उत्तर ‘आत, स्ट्रायकरच्या मागे’ किंवा ‘बचावफळीच्या पुढे’ असे असेल तर पुढचा प्रश्न विचारा: माझ्या शेजारी कोण धावणार? अशा प्रश्नाने कोच नाराज होतील अशी भीती बाळगू नका. ज्या कोचने तुमचा विचार खरोखर केला आहे, त्यांच्याकडे याचे उत्तर तयार असते.

मांडीच्या मागच्या स्नायूचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, उल्लेख आला म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या वयात नव्या क्लबाचे स्वप्न बहुतेकदा तिथेच फाटते. वाढलेले वय आणि त्याच जागी आधी झालेली दुखापत, हे दोन्ही या दुखापतीचे ओळखीचे धोके आहेत आणि तिशीपलीकडच्या विंगरकडे बहुधा दोन्ही असतात. काही वर्षांपूर्वी मी एका क्लबात होतो. तिथे 35 वर्षांचा एक उत्तम स्ट्रायकर नव्याने आला होता. मोसमपूर्व सरावात व्यवस्थापनाच्या आग्रहाने सर्वांना एकच कार्यक्रम दिला गेला: सकाळी चढावर धावणे, संध्याकाळी पूर्ण मैदानावर सामना, आठवड्यातून सहा दिवस. मी दोनदा हरकत घेतली, पण पुरेशा ठामपणे घेतली नाही, हे कबूल करतो. अकराव्या दिवशी तो एका साध्या चेंडूसाठी वळला आणि मांडी धरून खाली बसला. मोसमाचा पहिला सामना त्याने गॅलरीतून पाहिला, आणि क्लबाने पैसे वाया गेले म्हणून दोष त्याच्या वयाला दिला.

या दुखापतीवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नॉर्डिक नावाचा व्यायाम. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, आणि शरीर गुडघ्यापासून सरळ रेषेत ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकत जावे. तोल सुटेल तेव्हा हात टेकावेत. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन फेरे पुरेत. पहिल्या दोन-तीन दिवशी मांडी इतकी दुखते की माणूस व्यायामच सोडून देतो, म्हणून तो सामन्याच्या आदल्या दिवशी कधीही करू नये. याच्या जोडीला आठवड्यातून एकदा, अंग पूर्ण गरम झाल्यावर, 30 मीटरच्या चार-पाच पूर्ण वेगाच्या धावा घ्या. वय झाले म्हणून सरावात वेगाने धावणेच बंद करणारे अनेक जण मला भेटतात. मग सामन्यात अचानक तशी धाव घ्यावी लागली की स्नायूला ती परकी वाटते.

मैदानाचा प्रश्न म्हापशात विशेष आहे. धुळेरच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ आहे. पावसाळ्यात चिखल नसतो ही सोय खरी, पण ज्यांची बरीच वर्षे मातीच्या आणि गवताच्या मैदानांवर गेली, त्यांच्या टाचेच्या शिरेला आणि गुडघ्याला ती पृष्ठभागाची पकड सुरुवातीला मानवत नाही. पहिले तीन आठवडे एका दिवसाआड सराव मागून घ्या आणि लांब खिळ्यांचे बूट घरी ठेवा.

आपल्या हवेबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. गोव्यात घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि माणूस आणखी घाम गाळत राहतो. सरावाच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. 70 किलोच्या माणसाचे वजन दीड किलोच्या आसपास घटले, तर घट दोन टक्क्यांवर गेली आणि दुसऱ्या अर्धातला खेळ मंदावणार हे नक्की. किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत, मीठ पोटात जाईल अशा रीतीने घ्यावे. त्यासाठी रंगीत बाटल्यांची गरज नाही. मीठ घातलेली पेज आणि सोबत लोणच्याची फोड हे काम आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. सामन्याच्या रात्री मात्र भातावर नुसती कढी ओतून उठू नका, सोबत मासळी, अंडी किंवा उसळ पुरेशी हवी.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीने मला खरी काळजी वाटली, ती पाळीच्या नोकरीची. फोंड्याहून म्हापशाला जाऊन येण्यात दोन तास जातात. सरावानंतर ताठरलेल्या पायांनी तासभर दुचाकीवर बसणे आणि पुन्हा रात्रपाळीला उभे राहणे, हे 23 व्या वर्षी जमते. इथे मला स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओगबेचेचा इंडियन सुपर लीगमधील एक मोसम आठवतो. 2021-22 ची संपूर्ण स्पर्धा करोनामुळे गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाली. सामने दाटीवाटीने होते, पण विमानप्रवास नव्हता, रात्री उशिरा परगावी पोहोचणे नव्हते, संघ एकाच हॉटेलात राहत होता. ओगबेचे 37 वर्षांचा होता, हैदराबादकडे नुकताच आला होता, आणि त्या मोसमात 18 गोल करून त्याने गोल्डन बूट घेतला. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्यावर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून त्याचा संघ विजेता झाला. नॉर्थईस्ट, केरळा आणि मुंबई या आधीच्या तिन्ही क्लबांतही त्याने गोल केले होते, त्यामुळे केवळ प्रवास वाचला म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. हैदराबादचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला गोलाजवळ ठेवले आणि मागची धावपळ इतरांकडून करून घेतली, हे मुख्य कारण होतेच. पण त्या वयात प्रवास वाचणे म्हणजे विश्रांतीचा आख्खा दिवस मिळणे असते, हे त्या काळात सर्व संघांच्या प्रशिक्षकांनी अनुभवले.

तेव्हा क्लबाकडे गाडीखर्चाबरोबर आणखी एक गोष्ट मागा: आठवड्यातील चारपैकी एक सराव तुम्ही फोंड्यातच, ठरवून दिलेल्या कार्यक्रमाप्रमाणे, एकट्याने कराल. व्यवस्थापन कदाचित कुरकुरेल, तरुण मुले ‘दादाला सूट’ म्हणून कुजबुजतील. ती कुजबुज पहिल्या दोन सामन्यांत मिटते किंवा वाढते, आणि ते तुमच्या खेळापेक्षा तुमच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते. नव्या ड्रेसिंग रूममध्ये जुन्या क्लबाच्या गोष्टी सांगू नका. चेंडूंची पिशवी उचला, ज्या मुलाच्या जागेवर तुम्ही आला आहात त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला, आणि कोचने 60 व्या मिनिटाला बाहेर काढले तर बाटली न आपटता बसा. आता पाच बदली खेळाडूंची मुभा रूढ झाली आहे. तासभराच्या उत्तम खेळाला पूर्वीपेक्षा अधिक किंमत आहे. पहिल्या 60 ऐवजी शेवटची 30 मिनिटे मिळाली तरी ती घ्या. एप्रिल 2025 मध्ये बेंगळुरूच्या 40 वर्षांच्या सुनील छेत्रीने फातोर्ड्यावर भरपाई वेळेत हेडर मारून एफसी गोवाचे अंतिम फेरीचे दार बंद केले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि माझ्यापुरते सांगायचे तर अजून विसरता आलेले नाही.

करार एका मोसमाचाच करा. दोन वर्षांचा मिळाला तरी या वयात तो दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरतो. त्यात दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण उचलणार आणि त्या काळात मानधन चालू राहणार का, हे दोन मुद्दे लेखी घ्या. गावच्या ओळखीवर आणि तोंडी शब्दावर हे विषय सोडल्यामुळे पदरचे पैसे घालून गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतलेले खेळाडू माझ्या पाहण्यात आहेत.

घरच्यांना काही सांगण्याचा मला अधिकार नाही. फक्त होकार कळवण्याआधी दहा दिवस एक वही ठेवा: झोपेचे तास, सकाळी उठल्यावरची नाडी, सरावाआधीचे व नंतरचे वजन, आणि मांडी, पोटरी, टाच यांपैकी सकाळी काय दुखते. त्यातले किमान चार दिवस रात्रपाळीचे असू द्या. ती वही आणि कोच तुम्हाला कुठे खेळवणार याचे उत्तर, या दोन गोष्टी कळवल्यात तर सरावाचा पहिल्या सहा आठवड्यांचा कार्यक्रम मी आखून देईन. गणेश चवथीचे दिवस त्यातून वगळलेले असतील.